गुणाकार साठ, बेरीज सतरा

ज्वारी दुधात आली की सकाळच्या रानाला एक वास येतो. नुकतंच दूध प्यायलेल्या बाळाच्या तोंडाला येतो तसला. तो गेल्या आठवड्यात आला आणि मी खुंटीवरची गोफण काढली.

संक्रांतीनंतरचा दीड महिना आमच्या घरात असाच असतो. पारनेरकडचं हे रान कोरडं, पाणी विहिरीच्या तळाला. पण घरामागच्या काळ्या पट्टीत ज्वारी चांगली येते, आणि दाणा भरायला लागला की ते पाखरांना आमच्या आधी कळतं. चिमण्या असतातच, पोपट येतात, आणि भोरड्यांचा थवा आला तर आभाळात कोणी चादर झटकल्यासारखं दिसतं. मग कोणीतरी माळ्यावर उभं राहून दिवसभर गोफण फिरवायची. माळा म्हणजे पिकाच्या मधोमध चार मेढी रोवून वर फळ्या टाकायच्या, सावलीला एक जुनी साडी बांधायची, बस. घरात हे काम माझं. मला ते आवडतं, कारण तिथं कोणाशी बोलावं लागत नाही. पाखरांवर ओरडायचं असतं, पण ते बोलणं नव्हे.

यंदा माळ्याखाली कोणी नाही. दगड सुटला की माझा कान सवयीनं अजून खाली जातो. गेल्या वर्षी खालून हाक यायची, "आत्याबाई, गुनाकार साठ, बेरीज सतरा." आणि पुढचा दगड गोफणीत ठेवता ठेवता मी वरून म्हणायचे, "बारा न् पाच."

हे मी तिच्याच वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. पुढची पानं वर्गसमीकरणांनी भरलेली आहेत. कोणाला दाखवायचं नाही. चारचौघांत नाव सांगायचं म्हटलं तरी माझे शब्द पळतात. लिहिताना तसं होत नाही, हे मला या वयात कळलं.

रूपाली माझी सून. संतोषशी तिचं लग्न झालं तेव्हा ती श्रीगोंद्याकडून, उसाच्या पट्ट्यातून आली. तिकडे पाखरं राखावी लागत नाहीत, त्यामुळे गोफण तिनं पहिल्यांदा आमच्या घरात पाहिली. हौसेनं माळ्यावर चढली, डोक्यावरून तीनदा फिरवली आणि सोडली. दगड पुढं जायच्या ऐवजी मागं गेला आणि बांधावर ठेवलेल्या ह्यांच्या पाण्याच्या कॅनला लागला. कॅन फुटला नाही, पण हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, पाखरं तिकडं हायेत." त्यानंतर तिनं गोफणीला हात लावला नाही.

हात मात्र दुसऱ्या कामात चालायचा. आल्या आल्या तिनं बंद पडलेला मिक्सर उघडून चालू केला. मग विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर. शेजारून बोलावणी यायला लागली. पदर खोचून, हातात टेस्टर घेऊन ती बोर्डासमोर उभी राहिली की संतोष लांबूनच म्हणायचा, "अगं, मेन बंद केलाय का?" ती म्हणायची, "तुमचं तोंड बंद करा आधी." तिला आयटीआयला जायचं होतं, इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायला. त्याला दहावी पास लागते. आणि दहावीत तिचं सगळं निघालं होतं, गणित तेवढं राहिलं होतं. भूमिती तिला जमायची, आकृती काढली की दिसायचं. बीजगणितात घसरायची. दोनदा बसली, दोनदा नापास झाली.

हे मला कळलं ते असं. गेल्या वर्षी, याच दिवसांत, ती भाकरी घेऊन रानात आली आणि परत जाईना. माळ्याच्या सावलीत बसली. थोड्या वेळानं टोपलीतल्या फडक्याखालून पुस्तक निघालं.

"घरी का न्हाई वाचत?" मी विचारलं.

"घरी येतं जातं कोनतरी. परत नापास झाले तर सगळ्यांनी इचारायचं, काय झालं गं तुझ्या परीक्षेचं." मग खाली बघून म्हणाली, "ह्यांना सांगितलंय मी. ही शेवटची बारी. न्हाई झालं तर पुस्तकं रद्दीत. परत आयटीआयचं नाव काढनार न्हाई."

तिनं ते रडत सांगितलं नाही, म्हणून मला जास्त लागलं. माणूस रडत सांगतो तेव्हा त्याचं अजून पक्कं झालेलं नसतं.

त्या दिवसापासून ती रोज यायची. मी वर, ती खाली. दोघींच्या मध्ये फळ्या. समोरासमोर नसल्यामुळे असेल, आम्ही खूप बोललो. तोंड दिसत नसलं की मला बोलता येतं.

तिचं घोडं कुठं अडतं ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. ती पुटपुटत होती, "गुनाकार साठ पायजे न् बेरीज सतरा. वीस तिरिक साठ, बेरीज तेवीस, न्हाई. दहा साहे साठ, बेरीज सोळा, न्हाई." मग पुन्हा वीस तिरिकपासून. मी वरून म्हटलं, "बारा पाचे साठ. बारा न् पाच सतरा."

खाली पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग फळीच्या फटीतून तिचे डोळे दिसले. "आत्याबाई, तुमाला बीजगनित येतंय?"

मला बीजगणित हा शब्द म्हणायला सुद्धा येत नव्हता. मला पाढे येत होते.

मी चौथी शिकले. त्या वर्षीही ज्वारी अशीच दुधात होती. सकाळी शाळा आणि दुपारी माळा, असं वडिलांनी ठरवून दिलं होतं. शाळेत गुरुजी तीसपर्यंतचे पाढे उभं करून म्हणून घ्यायचे. मला उभं राहिलं की काही आठवायचं नाही. मान खाली जायची, सगळी मुलं हसायची. मग मी दुपारी माळ्यावर एकटी मोठ्यानं पाढे म्हणायचे. गोफणीचा एक फेरा, एक ओळ. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, आणि तीनला दगड सोडायचा. पाखरांसमोर माझा एकही पाढा चुकला नाही. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती, तिथं माझं नाव घातलं नाही. शाळा गेली, पाढे राहिले. इतकी वर्षं त्यांचा मला काही उपयोग नव्हता. गोफण फिरवताना मनात चालायचे, जसं कोणी गाणं गुणगुणतं.

तर मग तो आमचा खेळ झाला. समीकरणाचे अवयव पाडायचे म्हणजे असे दोन आकडे शोधायचे, ज्यांचा गुणाकार हा आणि बेरीज ती. रूपाली खालून सांगायची, मी वरून. पहिले काही दिवस मीच उत्तर द्यायचे. मग मी मुद्दाम उशीर करायला लागले. "थांब, भोरड्या आल्यात," म्हणायचे आणि नसलेल्या भोरड्यांवर ओरडायचे. तेवढ्यात ती स्वतःच म्हणायची, "सापडले. चौदा न् तीन." आठवड्याभरात तिला लबाडी कळली. "आत्याबाई, आभाळ रिकामं हाय," ती म्हणाली. पण तोवर तिचे पाढे सुटे झाले होते.

वजाचं मला जमेना. वजा आठ म्हणजे काय, हातात काहीच नाही तर त्यातून आणखी आठ कसे काढायचे? रूपालीनं विहिरीवरून समजावलं. "वजा म्हंजे खड्डा धरा. दहा हात खड्डा खांदला, दोन हात माती परत टाकली. ऱ्हायला किती?" "आठ हात खड्डा." "म्हंजे वजा आठ." मला पटलं. त्यानंतर गुणाकार वीस, बेरीज वजा आठ आणि एक खड्डा, म्हणजे दोनातला एक आकडा वजा, असं ती म्हणाली की मी लगेच म्हणायचे, दहाचा खड्डा, दोनाची माती.

एकदा हे भाकरी घेऊन आले, तर आमचं हेच चाललेलं. ते शिडीपाशी उभे राहून ऐकत राहिले. मग म्हणाले, "पाखरं कनसं खाऊन चालली, न् ह्या दोघी खड्डे खांदताहेत." रूपालीनं विचारलं, "मामा, गुनाकार छत्तीस, बेरीज तेरा सांगा." ह्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मला जनावरांना पानी दाखवायचंय," म्हणाले आणि गेले. संध्याकाळी धार काढताना गोठ्यातून आवाज आला, "नऊ न् चार." कोणालाच उद्देशून नाही. आम्ही दोघी चुलीपाशी हसत बसलो.

शब्दांची गणितं आली तेव्हा मात्र ती पुन्हा घाबरली. एका मुलाने चेंडू सरळ वर फेकला, तो किती वेळाने जमिनीवर पडेल. "सुरुवात कुठून करायची तेच कळत न्हाई," म्हणाली. "चेंडू दिसतच न्हाई मला."

मी म्हटलं, "दगड दिसंल का?"

मी फार जोर न लावता एक दगड सरळ वर सोडला. तिनं मोबाईलवर वेळ धरली. दगड वर गेला, थांबल्यासारखा झाला आणि धाटांत पडला. दोन सेकंद. तीन-चारदा केलं, दोनच्या आसपासच. मग उंची हवी होती. दगड माझ्या हातातून सुटतो, तो हात जमिनीपासून किती वर? टेप घरी होता. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "साडी सोडा." सावलीला बांधलेली साडी मी सोडली, टोक वर हातात धरलं, बाकीची खाली लोंबकळली. साडी साडेपाच मीटर. जमिनीवर पडलेली तिनं हातानं मोजली, दीड मीटर भरली. म्हणजे उंची चार मीटर. त्या दिवशी दुपारभर मी उन्हात उभी होते आणि मला ऊन लागलं नाही.

मग तिनं मांडलं. सुरुवातीला दगड चार मीटरवर. वर जाण्याचा वेग गुणिले वेळ, तेवढा चढतो. आणि जमीन त्याला ओढते, त्याचे पाच गुणिले वेळेचा वर्ग, तेवढा उतरतो. पडला की उंची शून्य. वेळेला ती टी म्हणायची. दोन सेकंद घालून वेग काढला, तर आठ आला. मग तो आठ धरून उलट वेळ काढायला बसली. पाच टी वर्ग वजा आठ टी वजा चार बरोबर शून्य. "आत्याबाई, पाच चोक वीस. गुनाकार वीस, एक खड्डा, बेरीज वजा आठ."

"दहाचा खड्डा, दोनाची माती."

खाली पेन चालल्याचा आवाज आला. मग ती इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं. "दोन आलं. मोबाईलनं सांगितलं तेच आलं."

ते बघायला मी माळ्यावरून उतरले. तिच्या अक्षरात माझा दगड होता. पण उत्तरं दोन होती, आणि दुसरं तिनं रेघ मारून खोडलं होतं. वजा दोन पंचमांश.

"हे का खोडलं?"

"वेळ वजा नसती. ते टाकायचं असतं."

"गनितानं दिलंय ना? मग कशाचं तरी असंल की ते."

त्या दिवशी ती पानाचा कोपरा दुमडून घरी गेली. दुसऱ्या दिवशी मात्र बांधावरून येतानाच ओरडत आली. "आत्याबाई, सापडलं. दगड तुमच्या हातातून न सुटता जमिनीवरूनच निघाला असता ना, तर तुमच्या हातापर्यंत यायला त्याला तेवढा वेळ लागला असता. फेकायच्या आधीचं हाय ते."

फेकायच्या आधीचं. मी दिवसभर ते तोंडात घोळवत राहिले. खरं होतं, पण विचारलेलं नव्हतं, म्हणून टाकायचं.

मग आम्ही माळ्यावरून किती दगड फेकले आणि किती समीकरणं मांडली, त्याला सुमार नाही. शिवारात आमच्याइतकी पाखरं कोणी हाकलली नसतील. फेब्रुवारीच्या शेवटी ज्वारी काढली, कडबा बांधला, माळा मोडला, आणि रान एकदम मोठं दिसायला लागलं.

परीक्षा तिच्या माहेरकडच्या शाळेत होती. संतोषच्या टेम्पोला बीजगणिताच्या पेपरादिवशी कांद्याचं भाडं होतं. ती मला म्हणाली, "तुमी चला." मी कधी अशा ठिकाणी गेले नव्हते. फाटकाबाहेर लिंबाखाली आईबापांची गर्दी. मी पिशवी मांडीवर घेऊन कडेला बसले. चहावाल्यानं विचारलं, "मावशी, पोराचा पेपर का पोरीचा?" मी म्हटलं, "सुनेचा." दोन-चार बायका वळल्या. मला वाटलं आता मान खाली जाईल. गेली नाही. एकीनं सरकून जागा दिली आणि म्हणाली, "बसा इकडं सावलीला." मी बसले आणि मनात एकोणतीसचा पाढा म्हणत राहिले, तो लांब पुरतो.

घंटा झाली. मुलं-मुली बाहेर आली, आणि ही सगळ्यांत शेवटी. चेहरा उतरलेला. मी पिशवी घेऊन उठले; मला पुढं खड्डाच दिसला, मातीशिवायचा.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मी माळ्यावर चढले."

मला काही कळेना. तिनं माझ्या पिशवीतली बाटली काढली, अर्धी प्यायली आणि सांगितलं. शेवटी पुस्तकाबाहेरचं एक गणित होतं. चेंडू जमिनीवरून दहाच्या वेगानं सरळ वर फेकला, खाली कधी येईल. समीकरण स्वतः मांडायचं. तिच्या हाताला सवय. तिनं चार मिळवले. जमिनीवरच्या चेंडूला माळ्यावर चढवलं. मग आलं पाच टी वर्ग वजा दहा टी वजा चार.

"गुनाकार वीस," मी म्हटलं, "फरक दहा." आणि थांबले. वीस एके वीस, दहा दुणे वीस, पाच चोक वीस. एकोणीस, आठ, एक. "असे आकडे न्हाईत गं."

"तेच," ती म्हणाली. "मी शोधत बसले. धा मिनिटं ऱ्हायली हुती. मग तुमचा आवाज ऐकल्यासारखा झाला. आत्याबाई कधी अडत न्हाईत, म्हटलं, अन् त्यांना सापडत न्हाई म्हंजे आकडे न्हाईतच, मीच काहीतरी चुकीचं मांडलंय. परत प्रश्न वाचला. जमिनीवरून लिहिलं हुतं."

"मग?"

"मग उतरले. चार खोडले. टी बाहेर काढला, दोन उत्तरं आली, शून्य न् दोन. शून्य म्हंजे फेकला तवाचं. दोन लिहिलं, खाली रेघ मारली, न् घंटा झाली."

"मग तोंड कशाला पाडलंयस?"

"घाबरले हुते ना लई," ती म्हणाली, आणि तिथंच लिंबाखाली, सगळ्यांसमोर, आधी ती हसली आणि मग मी. जागा देणारी बाई विचारत होती, काय झालं, काय झालं. सांगण्यासारखं नव्हतं.

निकालाच्या दिवशी संतोषच्या मोबाईलवर चक्र फिरत राहिलं. हे अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि घालत नसल्यासारखं दाखवत होते. गणितात बेचाळीस. रूपालीनं आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चौदा तिरिक." मी म्हटलं, "सात साहे." हे म्हणाले, "पास का नापास ते सांगा आधी."

आता ती रोज सकाळच्या एसटीनं तालुक्याला आयटीआयला जाते. वर्गात चारच मुली आहेत. संध्याकाळी येऊन सांगते, आज खांबावर चढायला शिकवलं, मुलं घाबरली, मी न्हाई घाबरले, मला माळ्याची सवय. पुस्तकं रद्दीत गेली नाहीत. संतोषनं फळीवर ठेवली आहेत.

आणि मी इथं. माझा गुडघा दुखतो म्हणून संतोषनं यंदा मेढी आखूड घेतल्या. माळा ठेंगणा झाला. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की आता आपलं समीकरण चालणार नाही. दोन दिवस कोणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी साडी सोडली. खाली कोणी नव्हतं, म्हणून साडीचं टोक हाताच्या उंचीला मेढीला बांधून शिडीवरून उतरले आणि हातानं मोजलं. तीन मीटर. मग पुन्हा वर. दगड गोफणीनं यंदा जरा जोरात सोडला, आकडे मनात मोजले, घरून आणलेल्या घड्याळावर ताडून बघितले. तीन सेकंद.

मग मी तिच्या वहीतलं मागचं पान फाडलं आणि पेन घेतलं. तिचं जुनं गणित समोर ठेवून, तसंच, एकेक ओळ. वेग चौदा आला. पाच टी वर्ग वजा चौदा टी वजा तीन बरोबर शून्य. पाच तिरिक पंधरा. गुणाकार पंधरा, बेरीज वजा चौदा. पंधराचा खड्डा, एकाची माती. टी बरोबर तीन. दुसरं वजा एक पंचमांश. सगळं करायला मला एक दुपार लागली, आणि त्या दुपारी पोपटांनी कडेच्या दोन सऱ्यांची कणसं खाल्ली. हे अजून विचारतात, ती कशी गेली.

आज रविवार. रूपाली भाकरी घेऊन आली आणि सवयीनं माळ्याखाली बसली. मला कागद तिच्या हातात द्यायचं धाडस होईना. एका ढेकळाला गुंडाळला आणि फळीच्या कडेवरून खाली सोडला. तिच्यापुढं पडला. उघडल्याचा आवाज आला. मी दगड गोफणीत ठेवला, काढला, परत ठेवला.

तिचं बोट एकेक ओळीवरून खाली सरकत गेलं. मग अंबाड्यात खोचलेलं पेन काढलेलं मला फटीतून दिसलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली. तिचा आवाज जरा बदललेला होता. "समदं बरोबर हाय. पन आत्याबाई, वजा एक पंचमांश खोडायचं ऱ्हायलं. ते फेकायच्या आधीचं. खोडू का?"

"नको," मी म्हटलं. "ऱ्हाऊ दे. ते माझं हाय."

तिनं पेन परत केसात खोचलं. पलीकडच्या कडेला भोरड्या उतरत होत्या, या वेळी खऱ्या. मी गोफण फिरवली. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, आणि तीनला सोडली. खालून तिनं मोजायला सुरुवात केली.